नव्या फर्निचरचा वास जातो, फॉर्माल्डिहाइड का जात नाही?

नवं कपाट घरात आलं की आठ-पंधरा दिवस त्याचा वास येत राहतो. डोळे किंचित चुरचुरतात, दार उघडलं की नाकात झिणझिणतं, आणि मग हळूहळू ते जाणवेनासं होतं. बहुतेक जण इथे विषय संपला असं समजतात. पण त्या वासातला खरोखर काळजी करण्यासारखा भाग म्हणजे फॉर्माल्डिहाइड हा वायू, आणि तो पंधरा दिवसांत संपत नाही. महिनोन् महिने, काही वेळा वर्षानुवर्षं तो बोर्डमधून थोडा थोडा सुटत राहतो. बोर्ड ज्या डिंकाने जोडलेला असतो, त्या डिंकाचाच तो घटक असतो आणि डिंक विघटत गेला की मोकळा होतो. एवढं नीट समजलं की कारखान्यात काय केलं जातं, लेबलवरच्या आकड्यांचा अर्थ काय आणि खिडकी उघडून किती साधतं, हे सगळं कळायला सोपं जातं.

आधी बोर्डांविषयी थोडं. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एक आडवा, एक उभा असे रचून चिकटवतात. पार्टिकल बोर्ड लाकडाच्या चुऱ्याचा आणि ढलप्यांचा बनतो. एमडीएफसाठी लाकूड वाफेवर मऊ करून त्याचे तंतू सुटे करतात आणि ते पुन्हा दाबून फळी करतात. लाकूड जितकं बारीक केलं, तितका त्याचा पृष्ठभाग वाढतो आणि तितका डिंकही जास्त लागतो. पार्टिकल बोर्डमध्ये कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण आठ-दहा टक्के, एमडीएफमध्ये दहा-बारा टक्के. म्हणजे तीस किलोच्या एमडीएफ बोर्डात अडीच-तीन किलो डिंक असतो. हे बोर्ड वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. जे लाकूड एरवी जाळलं गेलं असतं, त्यातून सरळ, न पिळवटणारी, मोठ्या मापाची फळी मिळते, आणि ती पुष्कळ लोकांना परवडते. म्हणूनच त्यातला वायू कमी करणं महत्त्वाचं आहे. या फळ्या जगभर कोट्यवधी लोकांच्या झोपायच्या खोल्यांत आहेत.

डिंकात काय घडतं

फॉर्माल्डिहाइड हा अगदी छोटा रेणू आहे: एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. १८५९ मध्ये अलेक्झांडर बुटलेरोव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती तो प्रथम लागला आणि १८६७ च्या सुमारास आउगुस्ट होफमान यांनी त्याची पक्की ओळख पटवली. तो उणे १९ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणून खोलीच्या तापमानाला तो वायूच असतो. प्रयोगशाळेत प्राण्यांचे नमुने ज्या द्रावणात ठेवतात ते फॉर्मालिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्माल्डिहाइड. या रेणूचा मोठा गुण असा की तो दोन रेणूंच्या मध्ये शिरून त्यांना जोडतो. या गुणामुळेच तो डिंकासाठी उपयोगी पडतो, आणि याच गुणामुळे शरीरातल्या प्रथिनांना त्रासही देतो.

घरातल्या वापराच्या बोर्डांसाठी सर्वांत जास्त चालतो तो युरिया-फॉर्माल्डिहाइड डिंक. यातला युरिया खतात असतो तोच. हा डिंक स्वस्त आहे, पाण्यात मिसळतो, सुकल्यावर डाग पडत नाही आणि गरम प्रेसमध्ये काही मिनिटांत कडक होतो. कारखान्याचा वेग प्रेसच्या वेगावर ठरतो, त्यामुळे हा शेवटचा गुण फार मोलाचा. इतक्या गोष्टी एकत्र देणारा दुसरा डिंक अजून सापडलेला नाही, म्हणून तो हटत नाही.

डिंक बनताना फॉर्माल्डिहाइड युरियाच्या नायट्रोजनला येऊन चिकटतो. त्याचं एक टोक तिथे पक्कं होतं, दुसरं मोकळं राहतं. या मोकळ्या टोकाला मिथायलॉल गट म्हणतात. प्रेसमध्ये उष्णता आणि आम्ल मिळालं की ही टोकं एकमेकांत गुंफली जातात, पाणी बाहेर पडतं आणि सगळ्या बाजूंनी जोडलेलं कडक जाळं तयार होतं. काही जोड आखूड आणि बऱ्यापैकी टिकाऊ असतात, काही लांब आणि कमकुवत. लांब जोड पुढे तुटून आखूड होतात, आणि तसं होताना प्रत्येक जोडातून फॉर्माल्डिहाइडचा एक रेणू सुटतो.

मुळात अडचण अशी की ही क्रिया उलटही चालते. जोड तयार होताना पाणी बाहेर पडलं, म्हणजेच पाणी परत आलं तर जोड सुटू शकतो. हवेतली आर्द्रता बोर्डात शिरते, कमकुवत जोडांपर्यंत पोहोचते, आणि फॉर्माल्डिहाइड पुन्हा मोकळा होतो. यात भर घालतो हार्डनर. डिंक लवकर कडक व्हावा म्हणून अमोनियम क्लोराइड किंवा अमोनियम सल्फेट मिसळतात. हे क्षार फॉर्माल्डिहाइडशी क्रिया करून आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लामुळे डिंक पटकन जमतो. पण काम झाल्यावर ते आम्ल कुठे जात नाही. ते बोर्डातच राहतं आणि पुढची कित्येक वर्षं जोड तुटायला मदत करत राहतं.

म्हणून नव्या फळीतून येणारा फॉर्माल्डिहाइड दोन टप्प्यांत येतो. पहिल्या आठवड्यांत बाहेर पडतो तो जोडला न गेलेला, मोकळाच राहिलेला भाग. नाकाला जाणवतो तो मुख्यतः हाच, आणि तो बऱ्यापैकी लवकर ओसरतो. दुसरा टप्पा डिंकाच्या विघटनाचा. तो संथ असतो, कित्येकदा वासाच्या पातळीखाली असतो, आणि त्याचा साठा मोठा असतो. याशिवाय थोडा फॉर्माल्डिहाइड लाकडातूनच येतो. डिंकाचा थेंबही न लावलेलं लाकूड तापवलं तरी तो अत्यल्प प्रमाणात सुटतो, म्हणून अक्षरशः शून्य उत्सर्जनाची फळी असूच शकत नाही.

उष्णता आणि दमटपणा यांचा परिणाम किती मोठा असतो, याची बहुतेकांना कल्पना नसते. उत्सर्जनाची तुलना करताना वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित सूत्रानुसार तापमान सुमारे सात अंशांनी वाढलं की हवेतलं प्रमाण ढोबळमानाने दुप्पट होतं. आर्द्रता ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेली तरी साधारण तेवढीच वाढ होते. तीच फळी थंड, कोरड्या खोलीत निरुपद्रवी वाटेल आणि उकाड्याच्या दमट दुपारी डोळ्यांत पाणी आणेल.

शरीरावर काय होतं

फॉर्माल्डिहाइड पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे श्वासातून आत गेल्यावर तो नाकाच्या आणि घशाच्या ओल्या अस्तरातच बराचसा शोषला जातो. डोळे, नाक, घसा चुरचुरणं ही लक्षणं म्हणूनच. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी २०१० मध्ये मर्यादा सांगितली ती अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.०८ पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांमागे इतके भाग). आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तेव्हा मुख्य पुरावा नाकामागच्या पोकळीतल्या कर्करोगाचा होता.

हे वाचून घाबरून जाऊ नये. आपलं शरीर स्वतःही थोडा फॉर्माल्डिहाइड बनवतं आणि तो लगेच मोडूनही टाकतं. कर्करोगाचे पुरावे प्रामुख्याने कामाच्या ठिकाणी, मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ संपर्कात आलेल्या लोकांचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरची मर्यादा पाळली तर डोळ्यानाकाचा त्रास टळतोच, पण कर्करोगापासूनही पुरेसं संरक्षण मिळतं. मात्र ही मर्यादा घरात आपोआप पाळली जात नाही. सिगारेटचा धूर, पेटता गॅस, उदबत्ती, मेणबत्ती यांतूनही हाच वायू येतो, आणि फर्निचरचा वाटा त्यावर चढतो.

प्रश्न लक्षात कसा आला

१९७० च्या दशकात तेलसंकटानंतर थंड देशांमधली घरं ऊर्जा वाचवण्यासाठी घट्ट बंद होऊ लागली. फटीतून येणारी हवा थांबली. त्याच काळात फर्निचर, भिंतींचे पॅनेल, जमिनीखालचे थर यांत पार्टिकल बोर्डचा वापर भरमसाट वाढला होता, आणि त्या काळच्या डिंकात एका युरियामागे फॉर्माल्डिहाइडचे रेणू १.६ किंवा त्याहून जास्त असत. लोकांचे डोळे जळू लागले, तक्रारी वाढल्या. पश्चिम जर्मनीच्या आरोग्य खात्याने १९७७ मध्ये राहत्या घरांसाठी ०.१ पीपीएमची मर्यादा सुचवली, आणि पुढे फळ्यांचे ई-१, ई-२, ई-३ असे वर्ग आले; ई-१ म्हणजे सर्वांत कमी वायू सोडणारा. युरोपीय लेबलवर आजही दिसणाऱ्या ई-१ चं मूळ तिथे आहे.

अमेरिकेत हा प्रश्न फार क्लेशदायक रीतीने समोर आला. ऑगस्ट २००५ मधल्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्या हजारो कुटुंबांना सरकारने चाकांवरची फिरती घरं दिली. जागा लहान, भिंतींपासून कपाटांपर्यंत सगळीकडे स्वस्त बोर्ड, खिडक्या थोड्या, आणि हवामान उष्ण-दमट. लोक डोकेदुखी, नाकातून रक्त, श्वासाच्या त्रासाच्या तक्रारी करू लागले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये अशा ५१९ घरांतली हवा तपासली. सरासरी निघाली ७७ पीपीबी (दर अब्ज भागांमागे ७७ भाग), म्हणजे ०.०७७ पीपीएम. आकडा जागतिक मर्यादेच्या जरा खालीच. पण सगळ्यात जास्त नोंद ५९० पीपीबीची होती, आणि मोजमाप ऐन हिवाळ्यातलं. उन्हाळ्यात हे आकडे चढणार हे उघड होतं, म्हणून उन्हाळ्याआधी लोकांना तिथून हलवा, असं त्या संस्थेने सांगितलं. फळ्यांविषयीचा कोणताही सरासरी आकडा वाचताना मला ही नोंद आठवते. सरासरीत कुणी राहत नाही. प्रत्येक जण आपापल्या खोलीत राहतो.

कारखान्यात काय करता येतं

सगळ्यात मोठा फरक पडला तो डिंकातलं प्रमाण बदलल्याने. एका युरियामागे १.६ वरून फॉर्माल्डिहाइड हळूहळू १.० ते १.१ च्या आसपास आणला गेला. युरिया भरपूर असला की मोकळ्या फॉर्माल्डिहाइडला लगेच जागा मिळते. डिंक शिजवतानाच युरिया दोन हप्त्यांत घालतात: पहिल्यातून रेणूंच्या साखळ्या तयार होतात, दुसरा शेवटी घालून उरलेला फॉर्माल्डिहाइड टिपून घेतात.

मग आणखी खाली का जात नाही? कारण त्याची किंमत फळीच्या ताकदीत मोजावी लागते. जोडणारे रेणू कमी झाले की जाळं विरळ होतं, फळीची आतली पकड घटते आणि ओल लागल्यावर ती जास्त फुगते. दुसरी अडचण कमी बोलली जाते. हार्डनरला आम्ल तयार करायला मोकळा फॉर्माल्डिहाइडच लागतो. तोच कमी असेल तर डिंक जमायला वेळ लागतो, प्रेसमधला काळ वाढतो आणि उत्पादन घटतं. म्हणजे आपल्याला नको असलेला वायू हाच प्रेसचा वेग टिकवून ठेवत होता. १.६ पासून १.१ पर्यंतचा प्रवास रसायनशास्त्राने केला. त्याच्या पुढची प्रत्येक पायरी महाग आहे. ‘कंपन्यांनी मनावर घेतलं असतं तर हे केव्हाच झालं असतं’ असं सहज बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. कायद्याचा दट्ट्या आल्याशिवाय फारसं कुणी हललं नाही हे खरं, पण तांत्रिक अडचणही खरीच होती.

त्यावरचा रुळलेला उपाय म्हणजे मेलामाइन. युरियाला फॉर्माल्डिहाइड जोडण्यासाठी दोन नायट्रोजन असतात, मेलामाइनच्या रेणूत अणूंचं एक वलय असतं आणि त्याच्या बाहेर तसे तीन. वलयाशी झालेले त्याचे जोड पाण्यापुढे जास्त टिकतात. डिंकात काही टक्के मेलामाइन मिसळला तरी कमी प्रमाणामुळे गेलेली ताकद बरीचशी परत मिळते आणि विघटनही मंदावतं. मेलामाइन युरियापेक्षा बराच महाग असल्यामुळे उत्पादक तो मोजून मापूनच घालतात.

दुसरा मार्ग आहे वायू पकडणाऱ्या पदार्थांचा. लाकडाच्या चुऱ्यावर युरियाचं द्रावण फवारतात किंवा डिंकात सोडियम मेटाबायसल्फाइट, टॅनिन असं काही मिसळतात. सुटलेला फॉर्माल्डिहाइड बाहेर पडण्याआधीच त्यांच्याशी जोडला जातो. तयार फळ्या अमोनियाच्या वायूत ठेवण्याची पद्धतही आहे. अमोनिया आणि फॉर्माल्डिहाइड मिळून हेक्झामिन नावाचा घन पदार्थ होतो, शिवाय बोर्डातलं आम्ल अमोनियामुळे उदासीन होतं. उत्सर्जन झटकन खाली येतं. पण मूळ डिंक तोच राहतो, म्हणून मला ही पद्धत दुय्यम वाटते. पकडणारा पदार्थ संपला की पुढचं विघटन पुन्हा उघडं पडू शकतं.

प्रेसमधल्या साध्या गोष्टीही बरंच काही ठरवतात. चुरा जास्त ओला असेल तर वाफ जास्त होते आणि जोड नीट बसत नाहीत. प्रेसमध्ये थोडा जास्त वेळ दिला तर मोकळा वायू वाफेबरोबर तिथेच निघून जातो. मात्र तो कारखान्याच्या हवेत जातो, म्हणून तिथे धुराडी आणि वायू धुऊन काढणारी यंत्रणा चोख असावी लागते. नाहीतर आपल्या घरातला त्रास कामगारांच्या छातीत ढकलल्यासारखं होईल. आणि प्रेसमधून निघालेल्या गरम फळ्या लगेच एकावर एक रचायच्या नाहीत. मोठ्या चक्रावर उभ्या ठेवून त्या आधी थंड करतात. गरम गठ्ठ्यात उष्णता आणि वाफ कोंडून राहते आणि नुकताच जमलेला युरियाचा डिंक पुन्हा तुटायला लागतो.

डिंकच बदलला तर? फिनॉल-फॉर्माल्डिहाइड डिंकाच्या नावात फॉर्माल्डिहाइड आहे, पण तो फिनॉलच्या वलयाशी कार्बन-कार्बन जोडाने बांधला जातो, आणि हा जोड पाण्याने सुटत नाही. अशा फळीतून सुटणारा वायू निव्वळ लाकडाच्या जवळपास असतो. बाहेरच्या, पाण्यात भिजणाऱ्या कामाचं प्लायवूड यानेच चिकटवतात. मात्र तो गडद तांबूस असतो, जमायला जास्त उष्णता आणि वेळ घेतो, आणि महाग पडतो. तेव्हा नाव ऐकून फिनॉलच्या प्लायवूडला घाबरायचं काही कारण नाही. जोड कोणत्या प्रकारचा आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

फॉर्माल्डिहाइड मुळीच न घालणारे डिंकही आहेत. त्यांत सर्वांत समर्थ आहे पीएमडीआय, म्हणजे आयसोसायनेट प्रकारचा डिंक. तो लाकडातल्या पाण्याशीच क्रिया करून जमतो, थोडाच पुरतो आणि पाण्याला उत्तम तोंड देतो. पण तो प्रेसच्या पोलादी पत्र्यालाही तितक्याच निष्ठेने चिकटतो, आणि न जमलेल्या अवस्थेत कामगारांना दम्याचा विकार जडवू शकतो. जमल्यानंतर घरात त्याचा त्रास नाही. काळजी घ्यायची ती कारखान्यात.

सोयाबीनच्या पिठाचा डिंक मला या सगळ्यात विशेष वाटतो. समुद्रातले शिंपले पाण्याखाली खडकाला कसे चिकटून राहतात, याचा विचार करत ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या काइचांग ली यांनी सोयाच्या प्रथिनांना तशी चिकाटी देण्याचा मार्ग शोधला. ओला कागद फाटू नये म्हणून कागद उद्योग जे रेझिन वापरतो, तेच इथे सोयाला जोडीदार म्हणून घेतलं. कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स या अमेरिकन कंपनीने तो प्लायवूडमध्ये आणला आणि २००७ मध्ये या कामाला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय हरित रसायन पुरस्कार मिळाला. युरियाचा डिंक येण्याआधीही प्लायवूड सोया, दुधातलं केसीन आणि प्राण्यांचं रक्त यांनी चिकटवत असत. ते ओलीत टिकत नसे म्हणून मागे पडलं. आता जुना घटक नव्या समजुतीनिशी परत आला आहे.

पृष्ठभाग आणि कडा

फळीवर लॅमिनेट किंवा मेलामाइनचा कागद चिकटवला की वायूची वाट बऱ्यापैकी बंद होते. पण फळीच्या कडा उघड्या राहिल्या तर बराचसा फायदा हातचा जातो. कडेला फळीचा आतला, कमी दाबलेला थर उघडा असतो आणि तिथून दर चौरस सेंटिमीटरला सुटणारा वायू सपाट बाजूपेक्षा कित्येक पट जास्त असू शकतो. कपाटाची मागची बाजू, खणाचा तळ, बिजागरीसाठी पाडलेली भोकं, वायर नेण्यासाठी कापलेला गोल भाग, या डोळ्याआडच्या जागा बहुधा तशाच सोडलेल्या असतात. कडपट्टी नीट बसवणं आणि मागच्या बाजूलाही थर देणं, हे सुताराकडून आग्रहाने करून घ्यावं. एक खबरदारी मात्र हवी: आम्लाने जमणारी काही लाकडी पॉलिशं स्वतःच युरिया किंवा मेलामाइनच्या रेझिनवर बनतात आणि सुरुवातीला फळीहून जास्त फॉर्माल्डिहाइड सोडू शकतात.

आकडे कसे वाचायचे

या विषयात सर्वांत जास्त घोळ मोजमापाचा आहे. एक जुनी पद्धत फळीचे तुकडे टोल्युइन या द्रवात उकळवते आणि त्यातून निघालेला फॉर्माल्डिहाइड मोजते. ई-१ साठी तिथली मर्यादा आहे शंभर ग्रॅम कोरड्या फळीमागे ८ मिलिग्रॅम. यातून फळीत किती साठा आहे ते कळतं. तो हवेत किती येईल ते थेट कळत नाही. जपानी पद्धतीत तुकडे काचेच्या बंद भांड्यात पाण्याच्या वाटीवर चोवीस तास ठेवतात आणि पाण्यात किती उतरलं ते बघतात. एफ अक्षरापुढे चार तारे असलेला वर्ग म्हणजे लिटरला सरासरी ०.३ मिलिग्रॅमपर्यंत. तिसरी पद्धत म्हणजे खोलीसारखी पेटी: त्यात फळी ठेवायची, तापमान, आर्द्रता आणि हवेचा वेग ठरवून द्यायचा, आणि हवा मोजायची. युरोपच्या जुन्या पेटीत २३ अंश, ४५ टक्के आर्द्रता आणि तासाला एकदा पूर्ण हवाबदल असतो, आणि तिथे ई-१ ची मर्यादा ०.१ पीपीएम.

कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये नियम केले. ते पुढे संपूर्ण अमेरिकेला जून २०१८ पासून लागू झाले. तिथली पेटी वेगळी आणि मर्यादा प्रत्येक बोर्डाला वेगळी: शोभेच्या पापुद्र्याच्या प्लायवूडला ०.०५ पीपीएम, पार्टिकल बोर्डला ०.०९, एमडीएफला ०.११, पातळ एमडीएफला ०.१३. एमडीएफला सवलत जास्त, कारण त्यात डिंकच जास्त. याचा अर्थ ‘नियमात बसणारी’ पातळ एमडीएफ फळी नियमात बसणाऱ्या प्लायवूडपेक्षा अडीच पटींहून जास्त वायू सोडू शकते, आणि लेबल दोघांचं सारखंच दिसतं.

जर्मनीने २०२० पासून चाचणीच बदलली. तासाला एकऐवजी अर्धा हवाबदल, म्हणजे आजच्या बंद घरांसारखी स्थिती. मर्यादेचा आकडा ०.१ राहिला, पण चाचणी कडक झाल्याने प्रत्यक्षात तो जुन्या ई-१ च्या निम्म्यावर आला. युरोपीय संघानेही २०२३ मध्ये नियम केला असून फर्निचर आणि लाकडी वस्तूंसाठी घनमीटरला ०.०६२ मिलिग्रॅमची मर्यादा ६ ऑगस्ट २०२६ पासून लागू होते. चाचणी कोणती, हे न विचारता दोन आकड्यांची तुलना केली तर ती फसवी ठरते.

खोलीत प्रत्यक्ष किती

फळीतून सुटणारा वायू ठरावीक वेगाने सुटत नाही. ओला कपडा कोंदट खोलीत सावकाश वाळतो आणि वाऱ्यावर झटकन वाळतो, तसंच हे आहे. खोलीत आधीच फॉर्माल्डिहाइड साठला असेल तर फळी कमी सोडते. हवा खेळती झाली की ती जास्त सोडू लागते. त्यामुळे खिडकी उघडल्याचा फायदा होतो, पण वाटतो तेवढा नाही. समजा, अगदी बंद खोलीत प्रमाण १०० वर जाऊन थांबतं आणि थोडा हवाबदल ठेवला की ते ५० वर येतं. तो हवाबदल दुप्पट केला तर प्रमाण २५ होईल असं वाटतं. प्रत्यक्षात ते ३३ च्या आसपास थांबेल. याची दुसरी बाजूही आहे. तुम्ही आणखी एक कपाट आणलंत तर प्रमाण वाढतं, पण दुप्पट होत नाही.

तरीही खिडकी उघडीच ठेवा, विशेषतः पहिले काही आठवडे, कारण मोकळा वायू तेव्हा सर्वाधिक असतो. नवीन कपाटाची दारं आणि खण उघडे ठेवा. लहान मुलाच्या खोलीत नवं फर्निचर नेण्याआधी ते काही आठवडे हवेशीर जागी ठेवता आलं तर फार चांगलं. खोली थंड आणि कोरडी ठेवण्याचा उपयोग दुहेरी आहे: आज वायू कमी सुटतो आणि डिंकही कमी तुटतो. घर मुद्दाम तापवून वायू ‘काढून टाकण्याचा’ प्रयोग काही लोक करतात. त्याने मोकळा भाग जातो, पण डिंकातला साठा तसाच राहतो, आणि नंतर प्रमाण पुन्हा चढतं.

साध्या सक्रिय कोळशाला फॉर्माल्डिहाइड नीट धरून ठेवता येत नाही. रेणू फार लहान आहे. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचंच असेल तर त्याचा कोळसा फॉर्माल्डिहाइडसाठी रासायनिक प्रक्रिया केलेला आहे का, हे विचारा. कुंड्यांच्या रोपांवरचा विश्वास १९८९ च्या नासाच्या अभ्यासातून आला, पण तो छोट्या बंद पेटीतला प्रयोग होता. २०१९ मध्ये आधीच्या अनेक प्रयोगांचं गणित पुन्हा मांडलं गेलं, तेव्हा खिडकीतून सहज होणाऱ्या हवाबदलाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा रोपं, आणि वाईट स्थितीत हजारही लागतील, असं दिसलं. रोपं घरात सुंदर दिसतात म्हणून जरूर ठेवा.

खरी निवड बोर्ड विकत घेतानाच होते, कारण डिंक एकदा फळीत गेला की तो काढता येत नाही. दुकानात फर्निचरचं नव्हे, आतल्या बोर्डाचं लेबल मागा: वर्ग कोणता, चाचणी कोणती. कुणी ‘फॉर्माल्डिहाइड-मुक्त’ म्हटलं तर डिंक कोणता वापरला ते विचारा. उत्तर आयसोसायनेट किंवा सोया आलं, तर दावा बराचसा खरा आहे. फॉर्माल्डिहाइड न घातलेली फळी म्हणजे हीच. उत्तर फिनॉल आलं, तर दावा अक्षरशः खरा नाही, पण फळी चांगली आहे. उत्तर मिळालं नाही, तर ती फळी युरियाच्या डिंकाचीच समजून व्यवहार करा: कडा बंद करून घ्या आणि ती झोपायच्या खोलीपासून लांब ठेवा.